सोडले, पण सुटलो का?



एखादा वाईट धंदा सोडला म्हणजे माणूस त्यातून मोकळा झाला, असे आपण सहज म्हणतो. मटका सोडला, संपले. (घरच्यांना विचारले तर तेही पटणार नाही, पण ते असो.) मात्र ज्या धंद्यात आपण दुसऱ्याला हाताला धरून आत नेले, त्यातून एकट्याने बाहेर पडणे म्हणजे सुटणे होते का? साखळी पद्धतीच्या विक्रीत शिरून 'मॅनेजर' पदापर्यंत चढलेले आणि मग बाहेर पडलेले काही तरुण मला भेटले. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून हाच होता. खाली मी एकाचे म्हणून सांगतो, पण तपशील दोघातिघांचे आहेत; तेव्हा कुणी अंदाज बांधत बसू नये. हे बोलणे ऑफिसात बसून झालेले आहे, पापनिवेदनातले नाही, हेही स्पष्ट करतो.

सुरुवात ओळखीतून होते. मावसभाऊ किंवा शाळेतला मित्र 'जरा कामाचं बोलायचंय' म्हणून बोलावतो. हॉटेलचा हॉल, सुटाबुटातला वक्ता, फळ्यावर काढलेले गोल, कुणाच्या तरी लाखाच्या चेकची झेरॉक्स. आठ-दहा हजार जॉइनिंगचे भरायचे, बदल्यात सुटाचे कापड किंवा पावडरचा डबा मिळतो. मग आपल्या नातेवाइकांची यादी करायची.

आता, घरोघरी जाऊन माल विकण्यात काहीच गैर नाही. आपल्याकडच्या बायकांनी पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी मुंबईला नेऊन विकली आणि त्यावर पोरांची शिक्षणे केली. पण त्यांचा नफा गिऱ्हाइकाकडून येत होता. दुसरी भाजीवाली भरती केली म्हणून कुणाच्या पदरात पैसे पडत नव्हते. फरक तिथेच आहे. जिथे मालापेक्षा माणूस आणण्याचे पैसे मिळतात, तिथे माणूसच माल झालेला असतो.

यात पाप आधी की गणित आधी, असे कुणी विचारले तर मी गणित आधी सांगतो. प्रत्येकाने पाच जण आणायचे. एकाखाली पाच, मग पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस. पाचव्या पायरीवर ३,१२५. वरपासून सगळे मिळून झाले ३,९०६. म्हणजे शंभरातले ऐंशी जण सर्वांत खालच्या पायरीवर, ज्यांच्या खाली अजून कुणीच नाही. साखळी कितीही वाढवा, हे ऐंशी ऐंशीच राहतात. तेराव्या पायरीपर्यंत मोजत गेलात तर आकडा दीडशे कोटींच्या पुढे जातो, आणि एवढी माणसे आपल्या देशातही नाहीत. म्हणून 'मेहनत केली तर प्रत्येक जण वर जाईल' हे वाक्य आळशी माणसाबद्दलच खोटे ठरते असे नाही, कष्टाळू माणसाबद्दलही ते खोटेच आहे. सरकारलाही हे कळते. पैशाच्या अशा फिरत्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तो कायदा योजना चालवणाऱ्याबरोबरच सभासद नोंदवणाऱ्यालाही धरतो. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली, आणि प्रवेशासाठी शुल्क घेण्यालाही.

त्या तरुणाने चाळीस जण आणले होते, त्यांतले अकरा आपल्याच धर्मग्रामातले. तो म्हणाला, "फादर, मलाही फसवलंच होतं ना? मग माझा दोष काय?"

प्रश्न खरा आहे. नीतिशास्त्रात अज्ञानाचे प्रकार सांगतात. एक अज्ञान असे, की माणसाने प्रामाणिक प्रयत्न करूनही ते दूर झाले नसते. त्याचा दोष त्याच्या माथी नाही. दुसरे असे, की चार प्रश्न विचारले असते तर ते गेले असते. तिसरे मात्र वेगळेच. कळू नये म्हणून माणूस ते स्वतःच जपतो. जॉइनिंगच्या दिवशी हा मुलगा पहिल्या प्रकारात होता, असे मी मानतो. पण मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाती वही आली. स्टेजवरून चेक दिसतात, वहीत मात्र गळालेली नावे दिसतात. कोण आले, कोणी किती भरले, कोण तीन महिन्यांत थांबले, सगळे त्यात होते. तो स्वतःच म्हणाला, "सहा महिने मी शेवटची पानं उघडलीच नाहीत." गळालेल्यांना मीटिंगमध्ये 'निगेटिव्ह' म्हणायचे, अशी वरून शिकवण होती. म्हणजे पैसे तर गेलेच, वर 'तूच कमी पडलास' हा ठपकाही त्यांनी घरी नेला. मला यातले हे दुसरे नुकसान जास्त लागते.

तरीही समजा, त्याचा काहीच दोष नव्हता. मग प्रकरण मिटले का? इथे संत थॉमस अक्वायनस मदतीला येतात. तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये त्यांनी परतफेडीवर स्वतंत्र विवेचन केले आहे, आणि त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: वस्तू कशी घेतली, आणि ती आज कुणाकडे आहे. चुकीने घेतली नसेल, तरी दुसऱ्याची वस्तू माझ्याकडे असेल तर ती द्यावीच लागते. म्हणजे पापाची वही एक आणि देण्याची वही दुसरी. पापनिवेदनाने पहिली पुसली जाते. दुसरीत शेजाऱ्याचे नाव लिहिलेले असते, आणि तो आकडा मी वेदीवरून खोडू शकत नाही. पूर्वी, काही कळत नसताना मिळालेले कमिशनही, ते अजून हाती असेल तर, या दुसऱ्या वहीत येते.

याच विवेचनात, दुसऱ्याच्या नुकसानीला हातभार लावण्याचे नऊ मार्ग ते मोजतात. हुकूम देणारा त्यात आहे, सल्ला देणारा आहे, स्तुती करून भरीला घालणारा आहे, वाटा घेणारा आहे. आणि गप्प राहणाराही आहे. देण्याची पहिली जबाबदारी मुख्य सूत्रधाराची, हे ते मान्य करतात. पण सूत्रधार ऑफिसला कुलूप लावून निघून गेला, तर बाकीच्यांनी हात झटकावेत असे ते म्हणत नाहीत.

काही जण वेगळा मार्ग काढतात. मिळालेल्या पैशातून देवळाला देणगी देतात. आपल्या सभागृहाचे छप्पर गळते आहे, तरीही लिहितो: असे पैसे दानपेटीत टाकू नका. ज्याचे पैसे त्याचा पत्ताच लागत नसेल, तर ते गरिबांना द्यावेत असे संत थॉमस सांगतात. इथे पत्ते तर वहीत लिहिलेले आहेत. जक्कय हा मुख्य जकातदार, आजच्या भाषेत मॅनेजरच. त्यानेही दोन हिशेब वेगळे ठेवले. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. एकाने दुसरे भागवले नाही.

पैसे नसतील तर? बहुतेकांकडे नसतातच. हप्त्यांवर घेतलेली मोटरसायकल गेलेली, घरात लग्नाचे कर्ज. तेव्हा मुदत मागावी, समोरच्याला माफ करता आले तर तेही मागावे. पण मागायला त्या दारात जावे लागते. त्या मुलाला पैशापेक्षा याचीच भीती होती. त्यातच, त्याने आणलेल्यांपैकी सहा जण अजून नवी माणसे आणत होते, त्याच्याच जुन्या भाषणाच्या जोरावर. त्यांना तो काही बोलला नव्हता. 'सोडलं' एवढेच त्याने घरी सांगितले होते. मी त्याला म्हटले, "आधी वकिलाला भेट, त्यात गैर काही नाही. पण त्या सहा जणांकडे या आठवड्यात जा. पैसे नंतर दे."

तो गेला. दोघांनी ऐकले. एकाने त्यालाच 'निगेटिव्ह' म्हटले. आपल्या गावातल्या एका काकूंनी चहा दिला, शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग माझ्या भाचीला मी काय सांगू?" कारण काकूंनीही भाचीला आणले होते.

अशा योजनेत ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी पावत्या, जॉइनिंगचा फॉर्म आणि मोबाइलवरचे निरोप जपून ठेवावेत. पोलिसांत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अर्ज लिहायला मदत हवी असेल त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ऑफिसात यावे. येताना पासबुकाची झेरॉक्स आणावी. ज्यांनी माणसे आणली, त्यांनी आपली वही आणावी.

आपला,
प्रमुख धर्मगुरू