पत कुणाची, डाव कुणाचा

5 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने ‘महादेव बुक’सह 22 बेकायदा सट्टा ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. असे आदेश त्याआधीही निघत होते आणि नंतरही निघत राहिले. 2022 पासून जून 2025 पर्यंत त्यांची संख्या दीड हजारांवर गेल्याचे सरकारनेच सांगितले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी लागोपाठच्या दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला आणि 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड, पैशांची देवघेव करून देणाऱ्यालाही शिक्षा, पण खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, अशी या कायद्याची मांडणी आहे. कायदा इतका कडक असूनही एक संकेतस्थळ बंद झाले की त्याच रूपाचे, नावात एखादे अक्षर बदललेले दुसरे उभे राहते. यावर पोलीस कमी पडतात, तंत्रज्ञान पुढे गेले आहे, ही उत्तरे ठरलेली आहेत. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. हा धंदा कशाच्या बळावर उभा आहे, हे आपण नीट पाहिलेले नाही. संकेतस्थळ ही त्याची सर्वांत स्वस्त वस्तू आहे. त्याचे खरे भांडवल म्हणजे पत, आणि ती त्याची स्वतःची नसते. ती त्याला आपल्यापैकी कुणीतरी उसनी दिलेली असते.

सक्तवसुली संचालनालयाने ‘महादेव’च्या तपासात या धंद्याची जी रचना मांडली, ती या दृष्टीने बोलकी आहे. छत्तीसगडमधल्या भिलाईत ज्यूसचे दुकान चालवणारा तरुण आणि त्याचा साथीदार दुबईतून कारभार पाहत होते. देशात ठिकठिकाणी ‘पॅनेल’ म्हणजे शाखा वाटल्या होत्या, आणि त्या ओळखीच्याच माणसांना 70-30 अशा नफ्याच्या वाटणीवर दिल्या होत्या. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर संपर्क साधायचा, पैसे सांगितलेल्या खात्यात भरायचे आणि ‘आयडी’ मिळवायचा. ती खाती भलत्याच लोकांच्या नावावर. म्हणजे सगळी इमारत ओळखीवर उभी. जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने सट्ट्याच्या ॲपवर सुमारे 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. पोलिसांनी गोंदियातल्या ज्या बुकीच्या घरावर छापा घातला, तिथे कोट्यवधींची रोकड आणि सोने-चांदी सापडली. ॲपचे आकडेच हवे तसे फिरवले जात होते, असा आरोप आहे. शेकडो किलोमीटरवरच्या अनोळखी सर्व्हरवर इतकी रक्कम कुणी लावत नाही. ती ओळखीच्या माणसाच्या शब्दावर लावली जाते. सर्व्हर बंद करता येतो, पण शब्द देणारा माणूस गावातच राहतो.

मुंबईला हा विषय नवा नाही. 1960 च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांनी ओळखला गेलेला मटका आधी न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या भावांवर आणि मग पत्त्यांतून निघणाऱ्या आकड्यांवर चालला. गिरणगावातल्या कितीतरी घरांतला पगार त्याने गिळला, त्यामुळे त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या जुगाराला एक मर्यादा होती. त्याची पत त्याला स्वतःच कमवावी लागे. लागलेल्या आकड्याचे पैसे मिळतात की नाही, यावर बुकीचे नाव टिके किंवा जाई. शिवाय खेळणारा चिठ्ठी लपवत असे, कारण आपण करतो ते चोरटे आहे हे त्याला ठाऊक होते. आज क्रिकेटच्या सट्ट्यात ‘खायवाडी-लगवाडी’ हे शब्द जुनेच राहिले आहेत, पण चोरटेपणाची ती जाणीव विरली आहे. वीस वर्षांचा मुलगा मोबाइलवर पुढच्या षटकात किती धावा निघतील यावर पैसे लावतो, तेव्हा आपण काही गुन्हेगारी करतो आहोत असे त्याला वाटतच नाही. हे वाटणे कुणी पुसले, हा खरा प्रश्न आहे.

ते पुसायला अनेकांचे हात लागले. माहिती व प्रसारण मंत्रालयाने 13 जून 2022 रोजी वृत्तपत्रे, वाहिन्या आणि समाजमाध्यमांना सट्ट्याच्या जाहिराती घेऊ नका, असे बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा बजावावे लागले, कारण दरम्यान संकेतस्थळांनी नावापुढे ‘न्यूज’ जोडून बातम्यांचे सोंग घेतले होते आणि त्या सोंगाच्या जाहिराती सामन्यांच्या प्रक्षेपणात खुशाल दिसत होत्या. जाहिरात घेणाऱ्याला सोंग कळत नव्हते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. दुसरीकडे, त्या वेळी कायद्याने चालणाऱ्या फँटसी खेळाच्या कंपनीचे नाव 2023 मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर आले. तीन वर्षांसाठी सुमारे 358 कोटींचा तो करार होता. ती कंपनी आणि बेकायदा सट्ट्याचे संकेतस्थळ यांत कायद्याने मोठा फरक होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण प्रेक्षकाच्या मनात मुरलेला धडा एकच होता: सामना पाहणे आणि त्यावर पैसे लावणे या जोडीने करायच्या गोष्टी आहेत. एकदा हा धडा गिरवला की पुढच्या जाहिरातीतले नाव नोंदणीकृत कंपनीचे आहे की परदेशातल्या टोळीचे, हे पाहायला कुणी थांबत नाही.

सट्ट्याच्या जाहिराती करणाऱ्या नामवंतांचा बचाव नेहमी एकाच वळणाचा असतो: आम्ही फक्त जाहिरात केली, धंदा कुणाचा आणि कसा आहे हे आम्हाला कसे कळणार? हा बचाव न्यायालयात किती टिकेल ते न्यायालय ठरवील. नीतीच्या पातळीवर तो टिकत नाही. साबणाची जाहिरात करणारा नट फार तर वस्तूची ओळख करून देतो, वस्तू वाईट निघाली तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरी घेते. सट्ट्याच्या जाहिरातीत वस्तूच नसते. तिथे विकला जातो तो केवळ विश्वास, आणि तो त्या चेहऱ्याचा असतो. मानधन त्या विश्वासाचेच मिळाले असेल, तर तो कुणाच्या हाती दिला हे मला माहीत नव्हते असे म्हणणे म्हणजे विकलेल्या मालाची जबाबदारी झटकणे होय. हाच न्याय लहान माणसालाही लागू होतो. महिन्याला काही हजारांसाठी आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करणारा विद्यार्थी हा या साखळीतला सर्वांत गरीब दुवा असेल, पण तोही आपले नावच भाड्याने देत असतो. त्याचा दोष नटापेक्षा खूप हलका आहे, जात मात्र एकच.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाचे काय करावे, हे सरकारने का सांगावे? आक्षेप वजनदार आहे आणि नव्या कायद्याने तो अर्धा मान्य केला आहे. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही शिक्षा करतो, तर 2025 चा कायदा त्याला सोडून देतो. बंदी खेळण्याच्या इच्छेवर नाही, त्या इच्छेची शेती करणाऱ्यावर आहे. स्वातंत्र्याला निवड लागते आणि निवडीला खरी माहिती लागते. जिथे आकडे कोण हलवतो हे दिसत नाही, सुरुवातीला थोडे जिंकू देऊन पुढे ओढले जाते आणि मोठी रक्कम जिंकली की खाते गोठवले जाते, तिथे स्वातंत्र्याचा कैवार चालकाच्या फायद्याचाच ठरतो. शिवाय ‘स्वतःचा पैसा’ हेही अर्धसत्य आहे. आपल्याकडे माणूस हरतो तेव्हा बायकोचे दागिने, बापाची पेन्शन आणि शेताचा सातबारा त्याच्याबरोबर हरतो, आणि त्यांना डाव मांडताना कुणी विचारलेले नसते. ऑनलाइन पैशांच्या खेळांत दरवर्षी सुमारे 45 कोटी लोकांचे 20,000 कोटी रुपये बुडतात, असा सरकारचा अंदाज आहे. तो थोडाफार चुकीचा असला तरी नुकसान खेळणाऱ्यापाशी थांबत नाही, हे खरेच राहते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: बंदीने जुगार थांबत नाही, तो तळघरात जातो, त्यापेक्षा परवाने द्या, नियम करा, कर घ्या. हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृती राजाला द्यूत आणि पैजा राज्यातून हद्दपार करायला सांगते. कौटिल्य मात्र द्यूताध्यक्ष नेमतो, एकाच ठरावीक जागी खेळू देतो, जिंकलेल्या रकमेचे शेकडा पाच राजासाठी घेतो आणि अन्यत्र खेळणाऱ्याला दंड करतो. 2016 मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली, आणि 2018 मध्ये विधी आयोगाच्या 276 व्या अहवालाने संपूर्ण बंदी पाळता येत नसेल तर नियमनाचा मार्ग सुचवला. ही माणसे भाबडी नव्हती. पण कौटिल्याच्या व्यवस्थेची अट विसरता कामा नये. त्याला जुगार एका छपराखाली हवा होता तो नजर ठेवण्यासाठी, लपून वावरणारे लोक हेरण्यासाठी. परदेशात बसून भाड्याच्या खात्यांतून पैसे फिरवणारा चालक परवाना मागायला येणारच नाही, कारण त्याचा नफाच नजरेआड राहण्यात आहे. परवानाधारकांची जाहिरात बाजार वाढवील आणि त्या वाढलेल्या बाजारातून तो आपले गिऱ्हाईक उचलील. तरीही या आक्षेपातले एक सत्य स्वीकारले पाहिजे. देशातल्या नोंदणीकृत कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवल्यावर त्यांचे काही खेळाडू बेकायदा संकेतस्थळांकडे वळणे शक्य आहे. म्हणूनच नुसते टाळे पुरत नाही. पत पोहोचवणाऱ्या वाटा बंद केल्या नाहीत, तर बंदीचा लाभ त्याच टोळ्यांना होईल ज्यांच्याविरुद्ध ती आहे.

तिसरा आक्षेप सरकारच्या दुटप्पीपणाचा आहे. तो सर्वांत बोचरा आहे, कारण तो खरा आहे. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी 1969 पासून आहे. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणे कायदेशीर आहे, कारण 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कौशल्याचा खेळ ठरवला. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत आणि 2020 मध्ये त्यांत गोमंतकीयांना प्रवेशबंदी झाली. पाहुण्यांसाठी जी करमणूक, तीच घरच्यांसाठी व्यसन! ऑक्टोबर 2023 पासून केंद्राने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आकारला आणि दोन वर्षांच्या आत तेच खेळ समाजाला घातक ठरवले. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचे काय? ‘सेबी’च्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के व्यक्तिगत गुंतवणूकदार तोट्यात होते. तिथे निदान भाव कोण ठरवतो हे दिसते, हिशेब तपासता येतो आणि दाद मागायला नियामक आहे. फरक खरा आहे, पण सरकारला निश्चिंत झोप लागावी इतका मोठा नाही. मात्र या विसंगतीतून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणारे काढतात त्याच्या उलट आहे. सरकारचे हात पूर्ण स्वच्छ नसतील तर त्याने सट्ट्याची संकेतस्थळे मोकळी सोडावीत, असे होत नाही. सरकारने आपलेही हात धुवावेत, असे होते. कारण उसनी पत देणाऱ्यांत सर्वांत मोठा सावकार सरकारच असतो. त्याने वसूल केलेला कर हा सामान्य माणसाच्या लेखी सभ्यतेचा दाखला ठरतो. 1976 चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा महाराष्ट्राने 2023 मध्ये रद्द केला, तो या दिशेने योग्य निर्णय होता. महसुलाची शक्यता असूनही ‘नको’ म्हणणे, यातच सरकारच्या नीतीची परीक्षा असते.

या सगळ्यात आपण लाज चुकीच्या माणसाच्या पदरात घालतो. हरलेल्या मुलाला घर, गाव आणि नातेवाईक दोषी ठरवतात. तो कर्ज लपवतो, आणखी खेळतो आणि तक्रार करायला धजत नाही, कारण तक्रार म्हणजे कबुली. त्याला ‘आयडी’ मिळवून देणारा मात्र लग्नकार्यात मानाने मिरवतो आणि जाहिरातीतला चेहरा उद्घाटनाला बोलावला जातो. टोळ्यांना हीच उलटी लाज हवी असते, कारण गप्प बसलेला हरणारा हेच त्यांचे सर्वांत सुरक्षित गिऱ्हाईक असते. कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळून ही गाठ सैल केली आहे, ती आता घरांनी सोडवायची आहे. फसलेल्याने उघडपणे बोलावे, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी आणि घरच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. जाहिरातीचे पैसे घेतलेल्या नामवंतांनी, वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी समन्स येण्याची वाट न पाहता ती रक्कम जाहीर करावी आणि परतफेडीची भाषा करावी. ज्या पानांवर नीतीचे स्तंभ छापले जातात, त्यांनाही यातून सूट नाही. बँकांनी विद्यार्थ्याच्या खात्यातून रोज लाखो रुपये वाहत असतील तर पोलिसांचे पत्र येण्याआधी प्रश्न विचारावेत. आणि सरकारने पुढच्या कारवाईचा हिशेब देताना किती संकेतस्थळे बंद केली, एवढाच आकडा सांगू नये. किती खातेदार, किती जाहिरातदार आणि किती प्रसिद्ध चेहरे जबाबदार ठरले, तेही सांगावे. पहिला आकडा वाढत राहिला आणि दुसरा शून्यावर थांबला, तर कारवाई चालू असेल, धंदाही चालू असेल.