बंदुकीचा साजशृंगार

शस्त्रांचा आणि आमच्या घराण्याचा संबंध दसऱ्यापुरता. पाटावर विळी, पान्हा आणि माझं बँकेतलं पेन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि श्रीखंडाकडे वळायचं. वडील पोस्टात होते, ते रबरी शिक्का मांडत. एवढ्या शस्त्रसामग्रीवर आमच्या दोन पिढ्या निभावल्या.

एका दसऱ्याला मात्र ताईचा फोन आला. "अरे, आधी तो फोटो बघ!" फोटो टेक्सासहून आला होता. पाठवणारा ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. पाटावर एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला त्याच्या पाच वर्षांच्या मुलाची पेन्सिलपेटी आणि मधोमध झेंडूचा हार घातलेली एक बंदूक. "इतकी वर्षं मीच त्याला विचारत होते, शस्त्रपूजा केलीस का म्हणून," ताई म्हणाली. "आता विचारायची सोय राहिली नाही."

पुढच्या मे महिन्यात भाच्यानं आम्हां दोघांना तिकिटं पाठवली आणि ताईनं मला परस्पर तपास अधिकारी नेमलं.

भाचा मुळात पापभीरू. झुरळ दिसलं तर त्याला वर्तमानपत्रावर घेऊन बाहेर नेऊन सोडणारा. ऑफिसातल्या मित्रांबरोबर एकदा नेमबाजीच्या मैदानावर गेला, रिकामे डबे पाडले आणि त्याला छंद लागला. ग्रीन कार्ड असल्यामुळं बंदूक घ्यायला अडचण नव्हती. दुकानात फॉर्म भरला, दुकानदारानं सरकारकडून त्याची पूर्वपीठिका तपासून घेतली आणि बंदूक हातात दिली. आमच्या बँकेत सोनेतारण कर्जाला याहून जास्त सह्या लागतात. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. मला त्याची झळ कधी लागली नाही. माझी मजल टिकल्यांच्या पिस्तुलापर्यंतच.

"मामा, ही रुगर टेन-ट्वेंटीटू," गॅरेजमध्ये नेऊन भाचा म्हणाला. अमेरिकेत गॅरेज मोटारीसाठी नसतं, मोटार बाहेर उन्हात उभी असते. "१९६४ सालापासून बनतेय. पन्नास लाखांहून जास्त विकल्या गेल्यात. इथली पोरं हिच्यावरच नेम धरायला शिकतात. सेमी-ऑटोमॅटिक आहे."

"म्हणजे अर्धवट?"

"म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढची आपोआप जागेवर येते, पण ती सोडायला चाप पुन्हा ओढावा लागतो."

मला एकदम ओळख पटली. आमच्या शाखेत सगळे सेमी-ऑटोमॅटिकच आहेत. साहेबांनी एकदा ओरडावं, एक व्हाउचर सुटतं. पुढचं आपोआप टेबलावर येऊन बसतं, पण ते सुटायला साहेबांनी पुन्हा ओरडावं लागतं.

फोटोतली बंदूक आणि समोरची बंदूक यांत मात्र काही साम्य दिसेना. फोटोत लाकडी दस्ता होता, एखाद्या निवृत्त शिकाऱ्याच्या हातात शोभेल असा. समोरची काळीकुळकुळीत, दुमडणाऱ्या दस्त्याची, दोन पायांवर उभी, अंगावर जागोजागी काहीबाही बसवलेली. सोज्वळ मुलीनं लग्नानंतर एकदम कराटेचा पोशाख घालावा, तसं वाटलं.

"हिची गंमतच ती आहे," भाचा म्हणाला. "सगळं सुटं होतं. दस्ता एका स्क्रूवर, नळी दोन स्क्रूंवर. बाजारात हिच्यासाठी इतकं सामान मिळतं की विचारू नकोस. जुन्या सिनेमातल्या टॉमी गनसारखी दिसणारी कर, लष्करी रायफलीसारखी कर. दोन शेजारीशेजारी बसवून हँडल फिरवायची गॅटलिंग गन करायचंसुद्धा किट निघालं होतं."

सवयीनं मी खिशातून पेन काढलं आणि एका खोक्यावर हिशेब मांडला. बंदूक ३२० डॉलर. दस्ता १५०, जाड नळी २१०, हलका चाप ९०, दुर्बीण १८०, लाल ठिपका दाखवणारं भिंग १२०, दोन पायांचं स्टँड ६०, पंचवीस-पंचवीस गोळ्यांची दोन मॅगझिनं ६०, पट्टा ३०. साज एकूण ९०० डॉलर. नवरी ३२० ची आणि दागिने ९०० चे! बेरीज दोनदा केली, दोन्ही वेळा टॅली झाली.

बी. कॉम.ला आम्हांला एक प्रश्न हमखास असायचा : हा खर्च महसुली की भांडवली? मोडलेलं पूर्ववत केलं तर महसुली, मूळ वस्तूची ताकद वाढवली तर भांडवली. मी भाच्याला विचारलं, "यातलं मोडलं काय होतं?"

"काहीच नाही."

"मग ताकद वाढली का?"

"गोळी तीच मामा, पॉइंट टू-टू. नेम थोडा सुधारला. पण हातात धरल्यावर कसं वाटतं बघ ना!"

'कसं वाटतं' हा खर्च कोणत्या सदरात टाकायचा हे आमच्या सरांनी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "दस्ता बदलला, नळी बदलली, चाप बदलला. मग ही तू घेतलेली बंदूक आहे का?"

हा प्रश्न माझा नव्हे. बँकेच्या वाचनालयाचा मी चिटणीस आहे, आणि चिटणिसाला कोणी न नेलेली पुस्तकं वाचावी लागतात. थीसिअस नावाच्या ग्रीक वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की ते नवी बसवत. प्लुटार्क सांगतो, की हे जहाज तेच की दुसरं, यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडले. सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजानं त्यात भर घातली : काढलेल्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचंच जहाज बांधलं, तर खरं कोणतं? इथं तर काढलेला दस्ता, नळी आणि चाप शेजारच्या खोक्यात हजर होते.

भाचा इंजिनिअर. त्यानं दोन हजार वर्षांचा वाद एका वाक्यात मिटवला. "मामा, इथल्या कायद्यानं बंदूक म्हणजे फक्त हा मधला सांगाडा, रिसीव्हर. याच्यावर नंबर असतो. बाकी सगळं सुटं सामान. ते कितीही बदल, नंबर तोच, तर बंदूक तीच."

मी हात टेकले. एवढी साधी गोष्ट एका बँकवाल्याला सुचू नये! आमच्या शाखेत एक आजोबा चाळीस वर्षांपासून येतात. केस गेले, दात बदलले, गुडघे बदलले, सही तर दर महिन्याला बदलते. पण खातेनंबर तोच, म्हणून आजोबा तेच.

"आणि दिसण्याचं काय? ही आता भलतीच भयंकर दिसते."

"त्याच्यावरही कायदा होता. १९९४ ते २००४. दुमडणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची जागा, असलं काय काय मोजून बंदूक चालेल की नाही ते ठरवायचे. चालणाऱ्या बंदुकांच्या यादीत ही नावानिशी होती, पण कंसात लिहिलेलं : दुमडणारा दस्ता नसलेली."

म्हणजे कपडे बघून चारित्र्य ठरवायचं! पहिल्यांदा मला हसू आलं. तोच सांगाडा, तीच गोळी. लाकडी दस्त्यात सज्जन आणि काळ्या दस्त्यात गुंड? कपड्यानं साधू होत नाही, तसा गुंडही होऊ नये. पण भाच्यानं ती उचलून दाखवली आणि माझं हसू थांबलं. जुन्या फोटोत तो डबे पाडायला निघालेल्या पोरासारखा उभा होता. आता पाय फाकवून, खांदे पुढं काढून, डोळे बारीक करून उभा राहिला. समोर शत्रू म्हणावा तर कपडे धुवायचं यंत्र होतं. बंदुकीचा नंबर तोच होता. भाच्यावर नंबर नसल्यामुळं तो तोच आहे की नाही, हे तपासायची सोय नव्हती. जहाज तेच का, यावर ग्रीकांनी रात्री जागवल्या. खलाशी तोच राहिला का, हे मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही.

तेवढ्यात पाच वर्षांचे चिरंजीव आले. ते मला मामाआजोबा म्हणतात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे ऐकून घ्यावं लागतं. बंदूक टेबलावर ठेवलेली होती. चिरंजीवांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले, दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, "मामाआजोबा, तुम्ही खूप मोठे दिसता."

बंदूक रिकामी होती. भाच्यानं दोनदा तपासून दाखवलं. तरी माझ्या पायांतली शक्ती गेली ती गेलीच. मी आधारासाठी ज्यावर बसलो, ते नेमकं गोळ्यांचं खोकं निघालं. खोक्यावर छापलं होतं : धोका दीड मैलापर्यंत. इवलीशी गोळी, तिचं शिसं जेमतेम अडीच ग्रॅमचं. पण दीड मैल म्हणजे आमच्या घरापासून बँक.

"हिला कुलूप कुठंय?" मी विचारलं.

"आहे ना. बंदुकीबरोबर फुकट आलेलं." भाच्यानं जुन्या सामानाच्या खोक्यात हात घातला. दस्त्याखाली, नळीखाली, चापाखाली तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी होती. आत तारेचं कुलूप आणि दोन किल्ल्या. पिशवीचं सील शाबूत.

नऊशे डॉलरचा साज चढला होता. जी एक वस्तू फुकट होती, तेवढीच चढली नव्हती.

आता इथं मामानं चार उपदेशाचे शब्द सांगायचे, अशी रीत आहे. माझी जीभही तयार होती. पण ऐन वेळी मला माझी स्कूटर आठवली. कॉलेजात असताना जुनी चेतक घेतली, सहा हजारांना. मग तिला क्रॅशगार्ड, चकचकीत आरसे, स्टेपनीला कव्हर, मडगार्डला झालर, पाच सुरांचा हॉर्न. घेतलं नाही ते फक्त हेल्मेट. पुढं तेही घेतलं, पण आम्ही पुणेकर. ते डोक्यापेक्षा हुकाला जास्त शोभायचं. एकदा कर्वे रस्त्यावर घसरलो, तेव्हा कपाळाला सात टाके पडले आणि हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही.

आम्ही दोघंही मूर्ख नव्हतो. मग असं का व्हावं? मला वाटतं, बाकीचा सगळा साज आपल्याला सांगतो : वा गडी, काय दिसतोस! हेल्मेट आणि कुलूप या दोनच वस्तू असं बोलतात : गड्या, तूही चुकशील. पैसे देऊन हे ऐकायला कोण जाईल? फुकट मिळालं तरी आपण पिशवी फोडत नाही.

बँकेत नोकरी करून मी फारसा श्रीमंत झालो नाही, पण एक गोष्ट तिथं शिकलो. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याला दार उघडतच नाही. पहिल्या वर्षी मला तो अपमान वाटला होता. आमच्या जुन्या हेडकॅशिअरनी समजावलं, "अरे, हा तुझ्यावर अविश्वास नाही. तुझा एखादा दिवस वाईट जाईल, त्या दिवसासाठी आहे." भाच्याला मी एवढंच सांगितलं. तो काही बोलला नाही. रात्री सूनबाई सौ.ला म्हणाली, "मामी, किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. दोन्ही." जॉइंट कस्टडीचा नियम थोडा मोडला होता, पण अशा अपवादाला मंजुरी द्यायचे अधिकार मी स्वतःकडे घेतले.

परत आल्यावर शाखेतल्या गार्डमामांना सगळं सांगितलं. निवृत्त सुभेदार, त्यांची दुनळी बारा बोअरची. तिचा साज म्हणजे सुतळीनं शिवलेला पट्टा. "तुमच्या बंदुकीला दुर्बीण बसवायची का?" मी विचारलं.

"कशाला साहेब? दरवाजा मला तसाही दिसतोय," सुभेदार म्हणाले. "वीस वर्षं हिला घेऊन बसलोय. वाजली नाही, हाच माझा नेम."

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, बंदुकीसाठी नवीन काय घेतलं सांग! पोलादी कपाट. आकड्यांचं कुलूप!" ताईला कळवलं, तिनं देवापुढं साखर ठेवली. पाठोपाठ फोटो आला. कपाटाला आतून हिरवं मखमल, दार उघडताच लागणारा दिवा, हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळ आणि दारावर झेंडूचं तोरण. आता दारासाठी पितळी हँडल मागवलंय म्हणे.

मी म्हटलं, "बाळा, काय हवं ते बदल. कुलूप तेवढं मूळचं ठेव."