दलालीचे ऋण कोणावर?

मध्य रेल्वेच्या दिवा आणि डोंबिवली या स्थानकांमध्ये कोपर हे स्थानक येते आणि दिवा-वसई मार्गाचा फलाट तेथे मुख्य मार्गाच्या माथ्यावर आहे. मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीकडे बिऱ्हाड अशी विभागणी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांतील अनेक जण या फलाटांच्या आसपास भाड्याचे घर शोधतात. ते बहुधा दलालामार्फत मिळते, आणि व्यवहार ठरला की साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम भाडेकरूकडून, व पुष्कळदा घरमालकाकडूनही, दलाली म्हणून घेतली जाते. ही रक्कम भाडेकरूने द्यावी का, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा असला, तरी कोणाच्या श्रमाचे ऋण कोणावर चढते, हा त्याचा गाभा धर्मविचाराला परिचित आहे.

स्मृतिकारांनी कल्पिलेल्या अठरा विवादपदांमध्ये, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्यांच्या वर्गांमध्ये, वेतनाचा वर्ग स्वतंत्र आहे, आणि नारदस्मृतीत घरभाड्याचा विचार याच प्रकरणात येतो. परक्याच्या जमिनीवर घर बांधून ‘स्तोम’, म्हणजे भाडे, देऊन राहणाऱ्याने निघताना आपले गवत, लाकूड आणि विटा घेऊन जाव्यात, असा तेथील नियम आहे. भाडे आणि वेतन एकाच प्रकरणात बसवण्यामागे एक दृष्टी दिसते: जे वापरले किंवा करवून घेतले, त्याचेच देणे लागते, आणि ते फेडले की संबंध मोकळा होतो.

‘दलाल’ हा शब्द अरबी असून त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखवणे असा आहे. इस्लामी धर्मशास्त्रात ‘जुआला’ नावाचा एक करार सांगितला आहे. हरवलेले जनावर शोधून आणणाऱ्यास बक्षीस कबूल करावे, पण ते जनावर हाती आल्यावरच देय व्हावे, असे त्याचे स्वरूप आहे. कोपरचा दलालही असाच जगतो: संध्याकाळच्या गाडीने उतरलेल्या गिऱ्हाईकाला तो चार-पाच खोल्या दाखवतो, जिने चढतो, फोन करतो, आणि करार झाला नाही तर त्याला काहीच मिळत नाही. त्याला फुकटखाऊ म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. श्रम खरे आहेत. ते कोणासाठी झाले, एवढेच ठरवायचे आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १८२ नुसार दुसऱ्यासाठी कृत्य करण्यास किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना त्याच्या वतीने उभे राहण्यास नेमलेली व्यक्ती म्हणजे प्रतिनिधी, आणि नेमणारा तो नियोक्ता. घराची किल्ली दलालाकडे मालक देतो, भाड्याचा आकडा मालक सांगतो, आणि एकटे नकोत, मांसाहारी नकोत, अमुक जातीचे वा धर्माचे नकोत, या अटीही (त्यांतल्या काही उघड बोलल्या जात नाहीत) त्याच्याच असतात. अशा चाळणीतून जो चाळला जातो, त्यानेच चाळणीची मजुरी द्यावी, हा प्रघात विचित्र आहे. शिवाय दलाली भाड्याच्या प्रमाणात असल्याने दलालाचे हित चढ्या भाड्याकडे झुकते. एकाच जिभेने भाडे वाढवण्याची आणि उतरवण्याची अशा दोन्ही रदबदल्या प्रामाणिकपणे होणे कठीण असते.

वाट दाखवण्यात सत्य सांगण्याचे कर्तव्यही येते. बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, तेव्हा कागद न पाहता घर घेणे किती महाग पडते, हे उघड झाले. इमारत अधिकृत आहे का, पाणी कधी येते, मालकावर कर्जाचा बोजा आहे का, हे ज्याने भाडेकरूसाठी तपासले, असा दलाल भाडेकरूचाच प्रतिनिधी ठरतो, आणि त्याला द्यायच्या मोबदल्याबाबत भाडेकरूने कुरकुर करू नये.

ज्याने नेमले त्यानेच द्यावे, याविरुद्ध एक दाखला घरचाच आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून काढताना अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. वास्तविक माल विकायला अडत्याकडे सोपवणारा शेतकरीच होता. तेथे नियोक्ता कोण यापेक्षा दुर्बल कोण, हे पाहिले गेले. घरांच्या बाबतीत हा निकष डळमळतो, कारण कोपरमध्ये कर्जाचे हप्ते भागवण्यासाठी एकुलती खोली भाड्याने देणारा मालकही भेटतो. जर्मनीत २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्क शहरात २०२५ मध्ये नेमणाऱ्यानेच दलाली द्यावी, हे सूत्र लागू झाले, आणि तेच अधिक भक्कम आहे. मालक तो खर्च भाड्यात मिसळेल, ही शंका खरी आहे. पण मिसळलेला खर्च महिन्यामहिन्याने फिटतो, डिपॉझिटच्या दिवशीच उरावर बसत नाही, आणि दलाल बदलण्याची मुभा मालकाला असते, भाडेकरूला नसते, कारण त्याला घर दलालासकट मिळते.

अकरा महिन्यांनी त्याच खोलीत तोच भाडेकरू राहणार असताना नूतनीकरणाची दलाली मागितली जाते, तिला मात्र कोणताच आधार सापडत नाही, कारण तेथे वाट दाखवलेलीच नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती पार पाडण्यासाठी त्याने दलाल नेमला, तर त्याची मजुरी मालकाच्याच खात्यावर पडली पाहिजे.