अपुरी नक्कल

कलामहाविद्यालयांत वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या चित्रासमोर उभे राहून ‘यात तुझे स्वतःचे काय?’ असा प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे. हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतो, परंतु सुरतेसारख्या शहरातील कलाविद्यार्थ्याच्या संदर्भात तो विशेष खटकतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी आणि अहिराणी भाषक कुटुंबे यंत्रमाग व रंगाई-छपाईच्या गिरण्यांवर पोट भरतात, आणि अशा घरातला चित्रकलेचा विद्यार्थी फीची तजवीज करण्यासाठी साडीची डिझाइने काढून देऊ लागला, तर तेथे त्याला नेमकी उलट आज्ञा मिळते: बाजारात चाललेल्या एखाद्या साडीचे छायाचित्र पुढ्यात टाकून ‘हेच, पण थोडे वेगळे’ करून मागितले जाते. एका ठिकाणी उसनवारी हा गुन्हा, तर दुसऱ्या ठिकाणी तोच धंदा. या दोन आज्ञांच्या मध्ये सापडलेल्या विद्यार्थ्याने सर्जनशील विचार म्हणजे नेमके काय समजावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

कोणतीही कला शून्यातून जन्मत नाही, प्रत्येक चित्रकार आधीच्या चित्रकारांचे देणे लागतो, हे आता नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. अतुल दोडिया यांच्यासारखा आजचा महत्त्वाचा चित्रकार इतर चित्रकारांच्या प्रतिमा उघडपणे आपल्या चित्रांत आणतो आणि त्याबद्दल त्याला कोणी चोर म्हणत नाही. तेव्हा घ्यावे की घेऊ नये, हा वाद मिटलेलाच आहे. कोणत्या प्रकारचे घेणे हा विचार असतो आणि कोणत्या प्रकारचे घेणे हे केवळ हातचे काम असते, एवढेच ठरवायचे उरते.

या बाबतीत भारतीय साहित्यशास्त्राने केलेला एक भेद आजही उपयोगी पडतो. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दोन काव्यांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले होते, पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्यांत चौथ्याची भर घातली. पहिला प्रकार प्रतिबिंबकल्प, म्हणजे आशय सगळा तोच आणि केवळ मांडणी निराळी. दुसरा आलेख्यप्रख्य, म्हणजे थोडेफार संस्कार केल्यामुळे तीच वस्तू वेगळी भासणारी. तिसरा तुल्यदेहितुल्य, म्हणजे विषय भिन्न असूनही दोन माणसांच्या चेहऱ्यांसारखे साम्य असणारा. आणि चौथा परपुरप्रवेशसदृश, म्हणजे मूळ एकच परंतु सगळी रचना दूरवर भिन्न असणारा. सुरतेतल्या ‘हेच, पण थोडे वेगळे’ या मागणीला हजार वर्षांपूर्वीच आलेख्यप्रख्य असे नाव मिळालेले होते. या वर्गीकरणाचे खरे मोल चौथ्या प्रकारात आहे, कारण तेथे मूळ कृतीपासून किती दूर गेले यापेक्षा मुळात किती आत गेले याला महत्त्व येते.

विसाव्या शतकातील मानसशास्त्राने मात्र दूर जाण्यालाच मोजमाप केले. जे. पी. गिलफर्ड यांनी 1950 साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाचा पुरस्कार केला, आणि एका प्रश्नाला अनेक दिशांनी उत्तरे शोधणाऱ्या अपसारी विचाराची संकल्पना त्यांच्या कामातून रूढ झाली. विटेचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा, अशा धर्तीच्या चाचण्यांत इतरांना क्वचितच सुचणारे उत्तर देणाऱ्याला मौलिकतेचे गुण मिळतात. शाळा, व्यवस्थापनाची शिबिरे आणि आता कलाशिक्षणाचे अभ्यासक्रमही या कल्पनेवर पोसले गेले आहेत. परंतु दुर्मीळ असणे आणि मोलाचे असणे यांत जे अंतर आहे, ते अशा मोजणीत दिसतच नाही. विटेचे पन्नास उपयोग सांगणाऱ्याला वीट भट्टीत कशी भाजली जाते हे ठाऊक असण्याची गरज नसते. आणि कलेत तर सगळा प्रश्न भाजण्याचाच असतो. संख्येने विचार मोजणारी ही पद्धत विद्यार्थ्याला वस्तूपासून सुटायला शिकवते, वस्तूशी झगडायला शिकवत नाही, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण कापडाच्या इतिहासात या चौथ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे. पाटणचा पटोला हे ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे, असे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवून तयार होणारे रेशमी वस्त्र आहे. गुजरातच्या बंदरांतून ते शतकानुशतके इंडोनेशियाच्या बेटांवर जात होते, आणि ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी गुजरातेतच सुती कापडावर ठशांनी त्याची छापील नक्कलही तयार होऊन तिकडे पाठवली जात असे. ही झाली आलेख्यप्रख्य उसनवारी. पण फ्लोरेस बेटावरील लिओ समाजाच्या विणकर स्त्रियांनी निराळीच गोष्ट केली. त्यांच्याकडे फक्त उभे धागे बांधून रंगवण्याची पद्धत होती. तेव्हा पटोल्याची चौकटींची मांडणी घेऊन त्यांनी ती आपल्या एकेरी बांधणीतून पुन्हा पहिल्यापासून उभी केली, आणि जे निर्माण झाले ते पटोल्याचे नाते सांगणारे, तरीही सर्वस्वी त्यांचे वस्त्र होते. त्यांना वेगळे काही करून दाखवायचे होते असे मानण्याचे कारण नाही. पटोला आपल्या मागावर कसा येईल, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असावा.

आता सुरतेत छापल्या जाणाऱ्या पैठणीकडे पाहावे. येवल्याच्या हातमागावर पदरातला मोर विणताना प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी असते. एका रंगाचा आडवा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. त्यामुळे मोराच्या मानेचा बाक पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. छापील नकलेसाठी डिझाइन करणारा विद्यार्थी छायाचित्र पडद्यावर मोठे करतो, तेव्हा त्याला या पायऱ्या दिसतात. तो एकतर त्या घासून गुळगुळीत करतो, आणि मग मोर कोणत्याही कॅलेंडरवरचा होऊन बसतो. किंवा त्या शोभेसाठी तशाच ठेवतो. दोन्ही वेळा पायरी का आहे, या प्रश्नाला तो स्पर्शच करत नाही.

स्क्रीन छपाईलाही स्वतःची अशीच एक अट असते. तेथे प्रत्येक रंगाचा पडदा वेगळा असतो, आणि दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट दिसू नये म्हणून शेजारचे रंग केसभर एकमेकांवर चढवावे लागतात. जेथे ते चढतात तेथे तिसरा, गडद रंग उमटतो. कारागीर हा गडद काठ दोष समजून जितका लपवता येईल तितका लपवतो. परंतु पैठणीचा मूळ प्रश्न ‘दोन रंग हद्दीवर कसे भेटतात’ हाच असेल, तर छपाईचे खरे उत्तर या गडद काठातच आहे. तो रुंद करून, त्यालाच रेषा मानून काढलेला मोर येवल्याच्या मोरासारखा मुळीच दिसणार नाही, आणि तरीही त्याचे मूळ तेच असेल. या दृष्टीने पाहिले तर सुरतेच्या छपाईवर नक्कल केल्याचा जो आरोप सर्रास होतो, तो उलटवूनच घ्यावा लागतो: ती पुरेशी नक्कल करत नाही, हा तिचा दोष आहे. पृष्ठभागापाशी थांबलेली नक्कल ही अपुरी नक्कल असते.

समकालीन कलेतील बऱ्याच कामांनाही हाच निकष लावणे भाग आहे. गॅलरीत जुने पंप, सुताच्या गुंड्या आणि चित्रफिती मांडून केलेले मांडणशिल्प जेव्हा परदेशी प्रदर्शनांतील मांडणीचे केवळ दिसणे उचलते, तेव्हा ते साडीच्या डिझाइनपेक्षा काही वरच्या पायरीवर नसते. फक्त त्याच्या मागे संकल्पनेचे निवेदन जोडलेले असते. याउलट प्रभाकर बरवे (1936–1995) यांचे उदाहरण या विद्यार्थ्याला अधिक जवळचे वाटावे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडल्यावर त्यांनी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, आधी वाराणसीत आणि पुढे मुंबईत, वस्त्रांच्या रचनेचे काम दीर्घकाळ केले. त्यांच्या चित्रांतले पान, शंख, घड्याळ सपाट अवकाशात एकमेकांपासून अंतर राखून असतात, आणि त्या अंतरालाच अर्थ येतो. बुट्टीपेक्षा दोन बुट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेचा विचार करण्याची सवय त्यांना वस्त्राने लावली असावी, असे म्हणायला जागा आहे. मात्र त्यांच्या कॅनव्हासवर साडीची बुट्टी कोठेही शोधू नये. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या या चित्रकाराने नोकरीतल्या कामाचे दिसणे चित्रात आणले नाही, त्यातला प्रश्न आणला.

अर्थात बरवे, के. जी. सुब्रमण्यन, अंबादास किंवा तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील वालोडचे हकू शाह यांना अशा केंद्रांत जे लाभले ते सुरतेच्या विद्यार्थ्याला लाभत नाही. ती शासनाने हातमागासाठी उभी केलेली व्यवस्था होती आणि तिने चित्रकाराला पगारासोबत प्रयोगाचा अवकाशही दिला. छपाईच्या बाजारात मात्र डिझाइन आज मागितले की उद्या लागते, आणि गडद काठ रुंद करून पाहण्यासाठी जे पडदे वाया जातील त्यांचा खर्च डिझाइन करणाऱ्याने सोसावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. छपाईचे एक टेबल, काही पडदे आणि चुकण्यासाठी एक पूर्ण वर्ष एवढी सोय विद्यापीठांच्या ललित कला विभागांनी आणि गिरण्यांनी मिळून केली, तर ती कोणत्याही सर्जनशीलता-शिबिरापेक्षा स्वस्त पडेल. आणि ती होईपर्यंत विद्यार्थ्याच्या पदरी अपुरी नक्कल येत असेल, तर तिचा जाब आधी या दोघांना विचारायला हवा.