तांब्याची वाटी आणि कर्त्याचा वाटा

अमेरिकेत पिस्तुलाच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरी ओतणाऱ्यांची मोठी जमात आहे. गाड्यांच्या चाकांना लावायची शिशाची वजनं जमवायची, थोडं कथील घालून वितळवायची आणि साच्यात ओतायची, हा त्यांचा उद्योग. पण शिशाची एक खोड आहे. दारूचा तापलेला वायू गोळीच्या बुडाशी फट शोधतो, मऊ धातू कापत पुढे निसटतो, शिसं नळीला आतून लिंपलं जातं आणि नेम ढळतो. त्यावरचा तोडगा म्हणजे गॅस चेक: गोळीच्या बुडावर घट्ट बसणारी तांब्याची उथळ वाटी, पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. हॉर्नडीसारख्या कंपन्या ती हजाराच्या डब्यात विकतात. ज्यांना विकतची नको, ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी ठशात सरकवून वरून हातोडीचा ठोका देतात. चकती तुटते, कडा वळतात, खाली वाटी पडते. विकत घ्यावी की घरी करावी, हा त्यांच्यातला जुना वाद, आणि तो बहुतेक पैशांचा नि मापाचा असतो. मला त्यात दुसराच प्रश्न दिसतो. ही गोळी उद्या कुणाच्या जिवावर उठली, तर वाटी घडवणाऱ्याचा त्यात वाटा किती, आणि ती आयती घेणाऱ्याचा किती?

हा प्रश्न आपल्याकडे जैन आगमांनी फार बारकाईने हाताळला आहे. भगवतीसूत्राच्या तिसऱ्या शतकात, म्हणजे प्रकरणात, शिष्य मंडितपुत्र महावीरांना क्रियांविषयी विचारतो, तेव्हा पाच क्रिया सांगितल्या जातात: देहाची, साधनाची, द्वेषाची, पीडा देण्याची आणि प्राण घेण्याची. यातली दुसरी, आधिकरणिकी, पुन्हा दुहेरी आहे. शस्त्र मुळातून घडवणं हे निर्वर्तन; आधीच तयार असलेले भाग एकत्र जोडणं हे संयोजन. ठशावर हातोडी मारणारा निर्वर्तन करतो आणि डबा विकत आणणारा ते कारखान्यावर सोपवतो, हे उघडच आहे. पण पुढे दोघेही तेच करतात. गोळी वाटीत टेकवतात, दट्ट्याने मापाच्या कड्यातून दाबून काढतात, आणि वाटीची कड शिशात रुतते. हे संयोजन विकत मिळत नाही, ते ज्याचं त्यालाच करावं लागतं. शिवाय तत्त्वार्थसूत्र आणखी एक हिशेब मांडतं. संकल्प, तयारी आणि प्रत्यक्ष कृती या तीन पायऱ्या. मन, वाणी आणि काया ही तीन द्वारं. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि संमती दिलेलं हे तीन प्रकार. क्रोधादी चार कषाय. गुणाकार १०८ येतो. या कोष्टकात विकत घेणारा ‘कृत’च्या घरातून उठून ‘कारित’च्या घरात बसतो, एवढंच. कोष्टकाबाहेर तो जात नाही. मांसाच्या बाबतीत मनुस्मृतीनेही विकत घेणाऱ्याला आणि शिजवणाऱ्याला मारणाऱ्याच्याच पंगतीत बसवलं आहे.

अमेरिकी कायद्याचा दृष्टिकोन याच्या नेमका उलटा आहे. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात काडतुसाचं कवच, प्रायमर, गोळी आणि दारू ही सुट्या भागांची नावं येतात. गॅस चेकचं नाव त्यात नाही. कायद्याच्या नजरेत ती तांब्याची एक चकती आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण जे कायद्याच्या यादीत नाही ते मनाच्या यादीतही नाही, असं समजणं ही पळवाट झाली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे. वाटीला दोष लावायचा तर तांबं खणणाऱ्यालाही लावा, पत्रा लाटणाऱ्यालाही लावा. मग थांबायचं कुठे? भगवतीसूत्र खरोखरच थांबत नाही. त्याच्या पाचव्या प्रकरणात बाण सोडणाऱ्या धनुर्धराची चर्चा आहे. तिथे धनुष्य, दोरी, पिसं ज्या जीवांच्या शरीरांपासून झाली, त्यांनाही क्रियेचा स्पर्श सांगितला आहे. विरतीचा, म्हणजे हिंसेपासून दूर राहण्याचा, नियम न घेतलेला प्रत्येक जीव त्या साखळीत धरला जातो. इतक्या लांबपर्यंत मी जाऊ शकत नाही. माझ्या मते रेघ वस्तूच्या घडणीवर ओढता येते. तांब्याचा पत्रा उद्या तांब्या होईल, घंटा होईल, विजेच्या मोटारीत जाईल. गॅस चेकला एकच जागा आहे, गोळीचं बूड. ज्या क्षणी पत्र्याला तो एकमेव उपयोग मिळतो, त्या क्षणी हेतू धातूत उतरतो. खाणकामगाराला त्यातून सोडता येतं, ठसा चालवणाऱ्याला नाही, मग तो कारखान्यात असो की घराच्या गॅरेजमध्ये.

दुसरा आक्षेप असा की बहुतेक हौशी माणसं कागदी लक्ष्यावर नेम धरतात. हे खरंच आहे, आणि जैन विचारही इथे आंधळा नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, अट घातली आहे. नुसता प्राणघात पुरेसा नाही. गृहस्थाला तर जैन आचार्यांनी फक्त संकल्पी हिंसा सोडायला सांगितली. स्वरक्षणासाठी घडणाऱ्या विरोधी हिंसेची त्यांना कल्पना होती. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती दहाव्या शतकात उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता, लढाया जिंकून पदव्या मिळवलेला. त्यामुळे वाटी बसवणारा प्रत्येक जण खुनी, असं म्हणणारा या परंपरेलाच ओळखत नाही. तिचा प्रश्न अधिक अवघड आहे: हे तू गरजेसाठी करतोस की गरजेवाचून? विनाकारण साधनं सज्ज ठेवण्याला तिने अनर्थदंड म्हटलं आहे.

आणि गरजेचा मुद्दा निघालाच तर एल्मर कीथ आठवावा. .४४ मॅग्नम काडतुसाच्या जन्मामागे, १९५५च्या सुमारास, ज्या माणसाचा आग्रह होता, तो स्वतः सपाट बुडाच्या गोळ्या वापरायचा. मिश्रधातू पुरेसा कठीण आणि माप बरोबर असेल तर वाटी लागत नाही, असं त्याचं म्हणणं. रे थॉम्पसनने मात्र वाटीच्या गोळ्यांचे साचे आखले आणि तेही नावाजले गेले. म्हणजे या गोळ्या ओतणाऱ्या मंडळींतही ‘ही लागतेच का?’ हा प्रश्न जुनाच आहे. आपण त्याला फक्त नैतिक वजन देतो आहोत.

श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, अतिचारांत (व्रताला लागणाऱ्या दोषांत) ‘संयुक्ताधिकरण’ नावाचा एक आहे. टीकाकारांनी त्याची उदाहरणं घरगुती दिली: उखळाशेजारी मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण लावून ठेवू नये. वस्तू घरात असू देत, पण जोडलेल्या नसाव्यात. म्हणजे कुणी मागायला आलं तर नाही म्हणायला जागा उरते. हा नियम शिशाच्या टेबलाला जसाच्या तसा लागू आहे. डबा विकतचा की घरचा, याने काही ठरत नाही. वाट्या एका फळीवर आणि गोळ्या दुसऱ्या फळीवर किती दिवस राहतात, याने ठरतं.