बंद रेषेतला नायक

पुण्याहून ताम्हिणीकडे निघालं की पौडनंतर माले लागतं, आणि मग मुळशी धरणाचं पाणी. वीकेंडला आपण तिथे भजी खातो, रील काढतो. याच पाण्याखाली गावं आणि भातखाचरं गेली. ती जाऊ नयेत म्हणून १९२१ च्या रामनवमीला मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात.

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री कॉमिक काढतो. सध्याचा नायक बापट. आधी कागदावर पेन्सिल, मग टॅबवर रंग.

पेन्सिलीत एका खांद्याला पाच रेघा असतात. त्यातली खरी कोणती, हे ठरवायची घाई नसते. डिजिटल रंगाला मात्र बंद रेषा लागते. बारीकशी फट राहिली तरी रंग बाहेर सांडतो आणि अख्खं पान केशरी होतं. म्हणजे रंग भरायचा तर माणूस कुठे संपतो, हे आधी ठरवावं लागतं.

बापट कुठे संपतात? तरुणपणी परदेशात बॉम्बची विद्या शिकलेले, पारनेरात हाती झाडू घेऊन रस्ते झाडणारे, मुळशीत सत्याग्रही आणि शेवटी धरणाच्या कामाची रेल्वे पिस्तूल घेऊन अडवणारे. त्यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. पिस्तूल काढलं की ॲक्शन हिरो होतो, गाळलं की संत. दोन्ही चित्रं देखणी आणि दोन्ही खोटी.

त्याहून अवघड आहे मागची गर्दी. कॉमिकमध्ये ती म्हणजे राखाडी लेअरवर कॉपी-पेस्ट केलेली डोकी. पण बुडालेली जमीन बापटांची नव्हती, या डोक्यांची होती. लढा हरला, धरण झालं. एकटा नायक रंगवला तर ती हारही त्याचीच शोकांतिका होते, आणि ज्यांचं घर गेलं ते देखावा होतात.

कुणी म्हणेल, नायक नसता तर मुळशी आठवली कुणाला असती? खरं आहे. चेहरा लागतोच. पण आठवण करून देणाऱ्याने बाकीच्यांची जागा घ्यावी, हे मला पटत नाही.

म्हणून पिस्तूल राहील, झाडूही राहील. बापटांची बाह्यरेषा एका बाजूने उघडीच ठेवतोय, तिथे नुसती पेन्सिल दिसेल. आणि गर्दीतल्या प्रत्येक डोक्याला वेगळा लेअर. पहिल्या पानावर अठ्ठावीस माणसं आहेत. आतापर्यंत सात झाली.