इशारा दिला, एवढ्यानें कर्तव्य संपतें काय?

शिक्षकानें सांगितलें आणि विद्यार्थ्यानें ऐकिलें नाहीं, तर शिक्षकाचें कर्तव्य पुरें झालें काय? हा प्रश्न जुना आहे. आईबाप, पंतोजी, उपदेशक, गांवचे वडील, ज्यांच्याकडे कोणास वळण लावण्याचें काम आहे, त्या सर्वांपुढें तो कधीं ना कधीं उभा राहतोच. आणि पुष्कळदां "आम्हीं सांगितलें होतें" एवढें म्हणून आपण आपलें मन हलकें करून घेतों. या उत्तरानें आमचें समाधान होत नाहीं. तें कां होत नाहीं, हें दाखविण्यासाठीं आम्ही वाचकांस आज अशा एका शाळेंत नेतों, कीं जेथें तोंडच्या शब्दाचा कांहींएक उपयोग होत नाहीं.

ही शाळा आकाशांत भरते. विमानांतून उडी टाकून कांहीं वेळ तसेंच खालीं पडत यावयाचें, आणि मग पाठीवरील पॅराशूट, म्हणजे हवाई छत्री, उघडून जमिनीवर उतरावयाचें, या विद्येस स्कायडायव्हिंग म्हणतात. हिच्या जुन्या रीतींत नवशिक्याची छत्री विमानास जोडलेल्या पट्ट्यानें उडी टाकतांच आपोआप उघडते. शिक्षक विमानांतच राहतो. ही रीत अद्यापि कित्येक ठिकाणीं चालू आहे. परंतु १९८१ सालाच्या सुमारास अमेरिकेंत दुसरी एक रीत निघाली व ती पुढें अनेक देशांत पसरली. तींत पहिल्या उड्यांच्या वेळीं दोन शिक्षक विद्यार्थ्यास दोहों बाजूंनीं धरून त्याच्याबरोबरच उडी टाकतात. उंची सुमारें १२ ते १३ हजार फूट. पडण्याचा वेग तासास सुमारें १९० किलोमीटर. आणि छत्री उघडण्याची वेळ येईपर्यंत हातीं असलेला अवधि एका मिनिटाहूनही कमी.

एवढ्या वेगांत वाऱ्याचा असा कांहीं घोष होतो कीं, शेजारच्यानें ओरडून सांगितलें तरी शब्द कळत नाहीं. म्हणून तेथें हातच जिभेचें काम करितो. शिक्षकानें विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें दोन बोटें ताठ धरिलीं, म्हणजे पाय लांब कर. तींच बोटें वांकविलीं, म्हणजे गुडघे दुमड. हात सैल हालविला, म्हणजे अंग ताठरूं नको. मनगटावरील उंची दाखविणाऱ्या यंत्राकडे बोट केलें, म्हणजे उंची पाहा. आणि तर्जनी सरळ रोखली, म्हणजे छत्री उघड. शाळेशाळेंत थोडाफार फरक असतो, परंतु खुणा सर्वत्र थोड्या आणि सोप्याच असतात.

त्या थोड्याच कां? कारण प्रथमच उडी टाकणाऱ्याचें मन भयानें व आश्चर्यानें इतकें भरून जातें, कीं जमिनीवर पाठ म्हणून दाखविलेली गोष्टही त्यास वर आठवत नाहीं. दहा दोष दिसत असले तरी शहाणा शिक्षक त्या क्षणीं जो सर्वांत घातक तेवढाच दाखवितो. शिवाय खुणेस स्वतःचें बळ नसतें. तिचा अर्थ आधीं जमिनीवर ठरलेला असतो. विद्यार्थी पोटावर निजून, हातपाय पसरून, त्या खुणा पुनःपुनः पाहतो आणि त्यांप्रमाणें अंग हालवितो. खरें शिकविणें तेथें होतें; आकाशांत केवळ त्याची आठवण दिली जाते. ज्याच्याशीं आपण शांत समयीं कधीं बोललों नाहीं, त्यास संकटाच्या वेळीं बोट दाखविलें तर तें बोट त्याला काय सांगणार?

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. तेथें खूण केली म्हणजे शिक्षकाचें काम संपलें असें कोणीही मानीत नाहीं. विद्यार्थी यंत्राकडे पाहतो, मग एका शिक्षकाकडे, मग दुसऱ्याकडे. आणि शिक्षक मान हालवून किंवा खूण करून त्यास उत्तर देतो. खूण केल्यावरही शिक्षकाची दृष्टि हालत नाहीं. पाय खरोखर लांब झाले कीं नाहीं, हें तो पाहत राहतो. न झाले तर खूण पुनः करितो. ठरलेल्या उंचीवर, म्हणजे सुमारें साडेपांच हजार फुटांवर, विद्यार्थ्याचा हात मुठीकडे गेला नाहीं तर तर्जनी रोखितो. आणि तरीही गेला नाहीं, तर तो स्वतःच्या हातानें त्याची छत्री उघडितो.

येथें कोणी विचारील, "मग आरंभापासून शिक्षकानेंच ती कां उघडूं नये? खुणांचा हा खटाटोप कशास?" याचें उत्तर असें कीं, तसें केल्यास विद्यार्थी जमिनीवर सुखरूप येईल खरा, पण शिकणार नाहीं. पुढें त्यास एकट्यानें उडी टाकावयाची आहे. त्या दिवशीं बाजूस कोणाचाही हात नसेल. विहिरीवर पोरास पोहावयास शिकविणारा बाप कमरेची दोरी जन्मभर धरून बसत नाहीं. खूण करणें म्हणजे, "हें तुला करितां येतें, तूंच कर," असा विश्वास दाखविणें होय. हात घालणें हें शेवटचें. परंतु तें शेवटचें असलें तरी शिक्षकाच्या कर्तव्याच्या बाहेरचें नाहीं.

नोव्हेंबर २०१४ मध्यें पश्चिम ऑस्ट्रेलियांत हें प्रत्यक्ष घडलें. एक तरुण विद्यार्थी सुमारें नऊ हजार फुटांवर पडत असतां त्यास अपस्माराचा झटका आला. त्याची शुद्ध गेली. अर्थात् खूण पाहण्यास डोळेही उरले नाहींत. शिक्षक त्याच्याकडे झेपावला. पहिल्या प्रयत्नीं पकड साधली नाहीं, ती दुसऱ्यानें साधली, आणि सुमारें चार हजार फुटांवर त्यानें विद्यार्थ्याची छत्री उघडिली. खालीं येतां येतां त्या तरुणास शुद्ध आली आणि तो सुखरूप उतरला. अशा विद्यार्थ्यांच्या पाठीवर ठराविक उंचीखालीं राखीव छत्री आपोआप उघडणारें यंत्रही असतें. तथापि यंत्र आहे म्हणून शिक्षक स्वस्थ राहिला नाहीं. "मीं खूण केली, त्यानें पाहिली नाहीं," हें वाक्य त्याच्या मनास शिवलें असतें, तर त्याची झेप उशिरा पडली असती.

परंतु प्रश्नाची दुसरी बाजूही आहे, व ती अधिक कठीण आहे. शिक्षकासही एक सीमा आंखून दिलेली असते. तिच्याखालीं विद्यार्थ्याचा पाठलाग सोडून त्यानें आपली छत्री उघडावी, असा दंडक आहे. मार्च २०१३ मध्यें अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतीं झेफरहिल्स येथें आइसलंडचा एक शिक्षक व त्याचा विद्यार्थी दोघेही मरण पावले. शिक्षकाच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यांतील चित्रांवरून असें दिसलें, कीं तो विद्यार्थ्यास साह्य करण्याची खटपट करीत होता. त्याच्या प्रेमास दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. पण तो दंडक करणारेही निर्दय नव्हते. वर, त्या घाईंत, कोणाचेंही हृदय "अजून एक क्षण" असेंच म्हणेल, हें ते जाणत होते; म्हणून सीमा आधींच, शांतपणें, जमिनीवर आंखिली गेली. जी खुणांची गोष्ट, तीच सीमेचीही.

तर आमचें उत्तर हें: सांगणें हा कर्तव्याचा आरंभ होय, शेवट नव्हे. आधीं जवळ बसून अर्थ समजावून द्यावा. मग थोडें सांगावें. सांगितल्यावर दृष्टि काढूं नये. आणि जेथें ऐकणाऱ्याची शक्तीच संपली आहे, तेथें हात पुढें करावा. इतकें करूनही कांहीं जण आपल्या हातून निसटतील. त्यांच्याविषयीं दुःख होईल, व तें व्हावेंच. परंतु ज्यानें हें सर्व केलें त्याचें दुःख एक, आणि दुरून बोट दाखवून पाठ फिरविली त्याचें समाधान एक. या दोहोंपैकीं आम्ही तें दुःखच पत्करूं.

वाचकहो, आपल्या शाळेंत, घरांत किंवा वाडींत असा कोणी आहे काय, कीं ज्यास आपण एकदां सांगितलें आणि मग त्याच्याकडे पुनः पाहिलेंच नाहीं? "सांगितलें होतें" असें म्हणण्यापूर्वीं आज त्याच्याकडे एकवार पाहून यावें.